एकदा लिहिलेले सर्वांच्या उपयोगी : ग्रेस हॉपर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क १’ या अवाढव्य संगणकावर नौदलासाठी गणिते केली जात. त्याच्या आज्ञावल्या रचणाऱ्यांत ग्रेस हॉपर होत्या. १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या हॉपर यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली होती. व्हासार महाविद्यालयातील अध्यापन बाजूला ठेवून त्या १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

त्या काळी एखाद्या गणिती क्रियेची छोटी आज्ञावली, म्हणजेच सबरूटीन, एकाने लिहिली की इतर ती वहीत उतरवून घेत आणि आपल्या कामात जोडत. उतरवताना एक अंक चुकला तरी सारे गणित बिघडे. ही नक्कल माणसाने नव्हे, यंत्रानेच करावी, हा विचार हॉपर यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक संगणक घडवणाऱ्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तेथे १९५२ पर्यंत त्यांनी ‘ए-०’ ही प्रणाली सिद्ध केली. तपासलेल्या सबरूटीन चुंबकीय फितीवर साठवून प्रत्येकीला क्रमांक देण्यात आला. लिहिणाऱ्याने केवळ क्रमांक आणि लागणारी मूल्ये द्यायची. योग्य भाग शोधून त्यांची सलग आज्ञावली यंत्राने बांधायची. संगणक फक्त अंकगणित करतो, या समजुतीमुळे अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. हॉपर मागे हटल्या नाहीत. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेचा ठसा १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोलवर स्पष्ट उमटला.

व्यवहारासाठी कोबोल आणि विज्ञानासाठी फोरट्रान रूढ झाल्यावर एका भाषेतील आज्ञावलीने दुसरीतील सबरूटीनला बोलावण्याची गरज निर्माण झाली. दोन्हींचे यंत्रभाषेत रूपांतर होत असले, तरी तेवढ्याने भागत नाही. मूल्ये कोणत्या क्रमाने द्यायची, प्रत्यक्ष द्यायची की त्यांचा स्मृतीतील पत्ता द्यायचा, संख्या कोणत्या रूपात ठेवायची, हे आधी ठरावे लागते. कोबोलने दशमान रूपात ठेवलेली संख्या फोरट्रानने द्विमान समजून वाचली, तर यंत्र तक्रार न करताही चुकीचे उत्तर देऊ शकते. वहीतल्या चुकीच्या अंकाचाच हा नवा अवतार होय.

नियम सर्वांनी सारखे पाळावेत, यासाठी हॉपर पुढेही झटल्या. निवृत्तीनंतर १९६७ मध्ये नौदलाने त्यांना परत बोलावले. निरनिराळ्या कंपन्यांचे कोबोल कंपायलर प्रमाणाबरहुकूम चालतात की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्यांना तेथे त्यांनी चालना दिली. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आज जगभर एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या सबरूटीनला सहज बोलावते. त्या सोयीचा एक उगम हॉपर यांच्या क्रमांकित फितीत आहे.