सेलवरचा ‘व्ही’ म्हणजे व्होल्टा

आपल्या गावात प्रत्येकाच्या घरी बॅटरी असते. बॅटरीत सेल असतात. सेलवर बारीक अक्षरात १.५ आणि पुढे इंग्रजी अक्षर व्ही असे छापलेले असते. ते अक्षर एका माणसाच्या नावाचे आहे. त्याचे नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. आज मी त्याचे चरित्र लिहीत आहे.

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटली देशातील कोमो या गावी झाला. कोमो हे मोठ्या तळ्याच्या काठी आहे. आपल्या जिल्ह्यात लोणारला सरोवर आहे, पण लोणारचे पाणी खारट आणि कोमोचे गोडे. व्होल्टा चार वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता. घरच्यांना वाटलं, पोरगं मुकंच राहणार. पण पुढे तो असा बोलायला लागला की बरोबरीच्या मुलांच्याही पुढे गेला. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. नातेवाइकांनी त्याला शिकवले. त्यांना वाटे, याने वकील व्हावे. व्होल्टाला मात्र विजेचा नाद लागला होता. अठरा वर्षांचा असताना तो परदेशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहून प्रश्न विचारू लागला.

मोठा झाल्यावर तो कोमोच्या शाळेत शिक्षक झाला. १७७६ साली तो एका तळ्याच्या काठी गेला. तळाचा गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येत. ते त्याने बाटलीत धरले. त्या वायूला ठिणगी दाखवली तर तो पेटला. तो मिथेन वायू होता. आपल्याकडे ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे, त्यांच्या चुलीत मुख्यतः हाच वायू जळतो. पुढे व्होल्टा पाव्हिया शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे त्याने जवळजवळ चाळीस वर्षे काम केले.

त्याच वेळी इटलीत गॅल्व्हानी नावाचे दुसरे शास्त्रज्ञ होते. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की पाय उडतो, असे त्यांना दिसले. त्यांना वाटले, वीज बेडकातच आहे. व्होल्टाने आधी ते मानले. पण तो स्वतः करून पाहिल्याशिवाय राहणारा नव्हता. त्याने पुन्हा पुन्हा प्रयोग केले. दोन धातू जिभेवर ठेवून पाहिले, तर आंबटसर चव आली. तेव्हा त्याने ठरवले की वीज दोन धातूंमुळे येते, बेडूक नुसता ओला म्हणून चालतो. दोघांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. तरी व्होल्टाने या विजेला गॅल्व्हानीचेच नाव दिले. वाद झाला म्हणून मान कमी करायचा नसतो, हे मला फार आवडले.

आता बेडकाशिवाय वीज काढून दाखवायची होती. व्होल्टाने चांदीची आणि जस्ताची गोल चकती घेतली. आपल्या खामगावची चांदी प्रसिद्ध आहे, तशीच ही चांदी. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. एका जोडीत जोर थोडाच होता. मग त्याने एकीवर एक अशी रास लावली. चांदी, जस्त, ओला पुठ्ठा, पुन्हा चांदी, जस्त, ओला पुठ्ठा. जेवढ्या जोड्या जास्त, तेवढा जोर जास्त. खाली आणि वर हात लावला की झटका बसे. हीच जगातली पहिली बॅटरी. त्याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून हे कळवले. १८०१ साली त्याने पॅरिसला नेपोलियनसमोर हा प्रयोग करून दाखवला. नेपोलियनने त्याचा मोठा सन्मान केला.

व्होल्टा ५ मार्च १८२७ रोजी कोमोलाच वारला. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. १८८१ साली पॅरिसला सगळ्या देशांचे शास्त्रज्ञ जमले आणि विजेच्या जोराच्या मापाला त्यांनी व्होल्ट हे नाव दिले. ओली रास खिशात नेता येत नव्हती. गॅसनर नावाच्या जर्मन माणसाने १८८६ साली कोरडा सेल केला, तेव्हापासून सेल कुठेही नेता येऊ लागला.

हे चरित्र आमच्या घरी कामी आले. हरभऱ्याला पाणी द्यायला बाबा रात्री वावरात जातात, कारण लाईन रात्रीच येते. बांधावर साप-विंचू असतात, म्हणून बॅटरी लागतेच. आमची बॅटरी आबांच्या वेळची, तीन मोठ्या सेलची. सेल उतरले की दर वेळी नवे आणावे लागत. बाबांनी चार्जिंगचे तीन पेन्सिल सेल आणले. ते बारीक आणि बुटके, म्हणून बॅटरीत खुळखुळ वाजायचे, उजेड पडेना.

मी सेलवरचा आकडा वाचला. मोठा सेल १.५ व्होल्टचा, तीन मिळून ४.५. चार्जिंगचा १.२ चा, तीन मिळून ३.६. बल्बवर ३.८ लिहिलेले होते. म्हणजे बल्ब चालणार, फक्त जागा भरायची होती. बाबांनी रुपयाच्या नाण्याएवढी पुठ्ठ्याची लांब नळी केली. प्रत्येक सेलला कागद गुंडाळून जाड केला. पेन्सिल सेल मोठ्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर बुटका, म्हणून प्रत्येक सेलमागे रुपयाची सात-आठ नाणी रचली. नळी पुठ्ठ्याचीच पाहिजे. नाणी बॅटरीच्या लोखंडी भिंतीला लागली तर वीज आडवाटेने जाते आणि सेल तापतो. नळी आत सरकवली, खटका दाबला आणि लख्ख उजेड पडला! आई म्हणाली की वीसएक रुपये बॅटरीच्या पोटात गेले. पण नाणी कुठे पळत नाहीत, पाहिजे तेव्हा काढता येतात.

एक गोष्ट खरी, पेन्सिल सेल मोठ्यापेक्षा लवकर उतरतो. आमच्या सेलवर २००० असे लिहिले आहे, आणि बल्ब ३०० खातो. भागाकार केला तर साधारण साडेसहा तास येतात. एका रात्रीच्या ओलिताला तेवढे पुरतात. सकाळी लाईन असली की पुन्हा चार्ज.

मित्रांनो, हे काम मोठ्या माणसांसमोरच करा. तिन्ही सेल एकाच जातीचे घाला, जुने-नवे मिसळू नका. साधा सेल चार्जरला कधीही लावू नका. सेल फोडू नका, विस्तवात टाकू नका. आणि सेल बदलताना आधी व्होल्ट मोजा.

चार वर्षे न बोललेल्या मुलाचे नाव आज जगातल्या प्रत्येक सेलवर आहे. अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. बुलढाणा