हिशेबातला ग्रह

गुढीपाडव्याला आपल्या वाशिमकडे घरोघरी पंचांगाची पूजा होते. त्यामागे कुणाची किती आकडेमोड आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या आकडेमोडीतले मोठे नाव म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. पेशा शिक्षकाचा, वास्तव्य बराच काळ बागलकोटला.

जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहांची स्थाने त्या काळी आकाशाशी जुळत नव्हती. केतकरांनी युरोपातले नवे गणित संस्कृत ग्रंथांत आणले. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यातले प्रमुख. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा, यावर मोठा वाद झाला. लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे, केतकर चित्रा पक्षाचे. फरक सुमारे ४ अंशांचा. पण तेवढ्याने कधी कधी अधिक मासच वेगळा येतो आणि एकाच गावात एकच सण दोन वेळा होतो. टिळकांसारख्या लोकनेत्याच्या मताविरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते. १९५५ साली भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्षाला धरूनच गणना स्वीकारली. ते पाहायला केतकर हयात नव्हते.

गणिताने आकाशातली वस्तू शोधता येते, हे जगाने आधी पाहिले होते. १८०१ साली मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला आणि सूर्याच्या तेजात हरवला. तरुण गाउसने मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा मांडली, आणि वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला.

१९११ साली केतकरांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे मांडले. त्यांतल्या जवळच्या ग्रहाचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट, प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विजापूरला केतकर वारले.

मात्र बेरीज जुळली म्हणजे वही बरोबर असतेच असे नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्याला सांगावे लागत नाही. दुसरा ग्रह त्या जागी मिळालाच नाही. प्लूटोही आपल्या चंद्राहून लहान निघाला, व्यास जेमतेम २,३७७ किलोमीटर. २००६ साली तो बटुग्रह ठरला. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेसही त्याच पंक्तीत बसला. प्लूटोला आता लघुग्रहांच्या यादीतला १३४३४० हा क्रमांक आहे.

म्हणून केतकरांना प्लूटोचे शोधक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे मोठेपण त्यांच्या आग्रहात आहे. ग्रंथ कितीही पूज्य असो, त्यातल्या आकड्याचा ताळा आकाशाशी घेतलाच पाहिजे, हा तो आग्रह. पाडव्याला पंचांगावर फूल वाहताना त्यातले एखादे या शिक्षकासाठी असू द्यावे.