रस्त्यापलीकडचे मैदान

अमेरिकेतील बॉस्टन शहराला लागूनच ब्रुकलाइन नावाचे गाव आहे. तेथे ८ मे १८९३ रोजी फ्रान्सिस विमेट याचा जन्म झाला. त्याचे वडील कॅनडातून व आई आयर्लंडमधून पोटासाठी अमेरिकेत आलेली होती. वडील बागकाम करून कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु घरासमोरचा रस्ता ओलांडला, की पलीकडे धनिक लोकांच्या एका क्लबाचे विस्तीर्ण गोल्फ-मैदान पसरलेले होते.

गोल्फ हा खेळ दिसावयास सोपा, पण साधावयास फार कठीण. लांब दांड्याच्या काठीने लहानसा कठीण चेंडू टोलवीत न्यावयाचा आणि दूरवर असलेल्या, जेमतेम सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यात घालावयाचा. असे अठरा खळगे पार केले, म्हणजे एक फेरी पुरी होते. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील, तो विजयी. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोऱ्यास कॅडी म्हणतात.

शाळेत जाताना फ्रान्सिस याच मैदानातून वाट काढी. गवतात हरवलेले चेंडू त्याला सापडत. तो ते जपून ठेवी. पुढे तो त्या मैदानावर कॅडीचे काम करू लागला. नामांकित खेळाडू काठी कशी धरतात, पाय कसे रोवतात, हे तो बारकाईने पाही. मग घराच्या मागच्या ओबडधोबड जागेत तीन खळगे खणून तो व त्याचा थोरला भाऊ तासन् तास सराव करीत. गोल्फ हा श्रीमंतांचा रिकामा उद्योग आहे, असे वडिलांचे मत होते. मुलाने चार पैसे मिळवावे, एवढीच त्यांची इच्छा. आईला मात्र मुलाची ओढ कळत होती. १९१० साली एका स्पर्धेत उतरण्यासाठी कोणत्यातरी क्लबाचे सभासद होणे आवश्यक होते. त्याची वर्गणी पंचवीस डॉलर होती. आईने ती रक्कम त्याला उसनी दिली, आणि त्याने दुकानात नोकरी करून ती फेडली. त्या स्पर्धेत त्याला यश आले नाही. तरी त्याने सराव सोडला नाही.

१९१३ च्या सप्टेंबरात अमेरिकेची खुली अजिंक्यपद स्पर्धा त्याच्या घरासमोरील मैदानावरच भरली. या स्पर्धेत धंदेवाईक व हौशी असे दोन्ही प्रकारचे खेळाडू भाग घेऊ शकत. परंतु तोपर्यंत एकाही हौशी खेळाडूला ती जिंकता आली नव्हती. शिवाय, इंग्लंडमधून हॅरी व्हार्डन व टेड रे हे दोन विख्यात खेळाडू आले होते. व्हार्डन याने ब्रिटनची खुली स्पर्धा पाच वेळा जिंकलेली, तर रे हा १९१२ चा विजेता. त्यांच्यापुढे हा वीस वर्षांचा, दुकानात नोकरी करणारा तरुण! त्याची पिशवी उचलण्यास आला होता एडी लाऊरी नावाचा दहा वर्षांचा मुलगा. पिशवी जवळजवळ त्याच्याच उंचीची होती.

चार फेऱ्या संपल्या, तेव्हा व्हार्डन व रे या दोघांचे प्रत्येकी ३०४ टोले झाले होते. फ्रान्सिस मागे पडला होता. पावसाने मैदान भिजले होते. परंतु तो डगमगला नाही. घरासमोरच असलेल्या सतराव्या खळग्यापाशी त्याने दुरून मारलेला चेंडू थेट आत गेला, आणि शेवटी त्याचेही बरोबर ३०४ टोले भरले. तिघांची बरोबरी झाली.

निर्णयासाठी २० सप्टेंबरला आणखी एक फेरी ठरली. एवढ्या महत्त्वाच्या दिवशी पिशवी एखाद्या जाणत्या माणसाकडे द्यावी, असे काहींनी सुचविले. एडीच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा आपली पिशवी एडीच वाहील, असे फ्रान्सिसने निक्षून सांगितले. त्या दिवशीही पाऊस पडत होता. तरी हजारो लोक जमले होते. सतराव्या खळग्याकडे निघताना फ्रान्सिस व्हार्डनच्या पुढे होता, तो केवळ एका टोल्याने. व्हार्डनचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला. फ्रान्सिसने मात्र तीन टोल्यांतच खळगा गाठला. अखेर फ्रान्सिस ७२, व्हार्डन ७७ व रे ७८ असा निकाल लागला. लोकांनी त्या तरुणाला खांद्यावर उचलून घेतले. हौशी खेळाडू असल्याने त्याने स्वतः पैसे घेतले नाहीत. लोकांनी वर्गणी जमविली, ती चिमुकल्या एडीसाठी.

१९१४ साली त्याने अमेरिकेची हौशी अजिंक्यपद स्पर्धाही जिंकली. परंतु लवकरच त्याच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. त्याने एका मित्राबरोबर क्रीडासाहित्याचे दुकान काढले होते. खेळाच्या कीर्तीवर हा पैसा मिळवितो, असे ठरवून गोल्फ संघटनेने १९१६ साली त्याचा हौशी खेळाडूचा दर्जा काढून घेतला. ज्याने पैशासाठी खेळण्याचे मनातही आणले नव्हते, त्याच्यावर हा आघात झाला. आता धंदेवाईक होण्यास त्याला कोणाची आडकाठी नव्हती. परंतु त्याने तो मार्ग पत्करला नाही. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला. १९१८ साली संघटनेने त्याचा दर्जा त्याला परत दिला. पुढे १९३१ साली, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी, विमेट यांनी हौशी अजिंक्यपद पुन्हा मिळविले. आयुष्यभर नोकरी-व्यवसाय सांभाळून ते केवळ आवडीसाठी खेळत राहिले.

१९५१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील प्राचीन व प्रतिष्ठित गोल्फ-संस्थेने त्यांना आपले कप्तान नेमले. हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. त्याआधी, १९४९ साली, मित्रांनी त्यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती निधी उभारला होता. गोल्फ-मैदानांवर काम करणाऱ्या गरजू मुलामुलींना त्यातून उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळते. २ सप्टेंबर १९६७ रोजी विमेट यांचे निधन झाले. तो निधी मात्र आजही चालू आहे. जे मैदान एके काळी केवळ धनिकांचे मानले जाई, तेथे कष्ट करणाऱ्या मुलांसाठी विद्येचे दार त्यांच्या नावाने उघडले गेले.