अण्णासाहेब कर्व्यांची मतांतरे

सार्वजनिक जीवनात मत बदलणाऱ्या माणसाकडे आपला समाज संशयाने पाहतो. मतांतर म्हणजे एक तर माघार, नाही तर स्वार्थ, असा निकाल सरसकट दिला जातो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या निकालाचा फेरविचार करावयास लावते. १०४ वर्षांच्या आयुष्यात अण्णासाहेबांनी आपले कार्यक्षेत्र आणि त्यामागील भूमिका अनेकदा बदलली. 'महर्षी' या उपाधीच्या तेजात ही वळणे आज दिसेनाशी झाली आहेत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे गाव. जन्म १८ एप्रिल १८५८ चा. मुंबईत शिक्षकी करीत असतानाच त्यांनी गावाच्या हितासाठी 'मुरूड फंड' उभारला होता. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. टिळकांच्या राजीनाम्याने ही जागा मोकळी झाली होती. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, हा निश्चय त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी कृतीत आणला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई त्यांच्या पत्नी झाल्या. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. ज्या गावासाठी पै-पै जमविली, त्याच गावात स्वतःच्या घरी उतरणेही दुरापास्त झाले. मुरूडचे कर्वे ही जन्माने लाभलेली ओळख अशी एका दिवसात संकटात आली.

त्याच वर्षाअखेर विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. परंतु १८९५ मध्ये तिचे नाव विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. उत्तेजन देण्याऐवजी अडथळे दूर करणे, हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. १८९६ मध्ये निघालेल्या आणि पुढे हिंगण्यास गेलेल्या अनाथ बालिकाश्रमात तर पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, असे पथ्यच त्यांनी पाळले. स्वतः पुनर्विवाह केलेल्या गृहस्थाने हे पथ्य पाळावे, याचे सुधारकांना वैषम्य वाटले. सनातन्यांचा तर त्यांच्यावर विश्वास नव्हताच. कर्व्यांचा हिशेब गणिताच्या अध्यापकाला शोभेसा होता. प्रचार केला असता तर पालकांनी मुली पाठविल्याच नसत्या. आणि शिक्षणावाचून विधवेला पुनर्विवाह करण्याचे अथवा नाकारण्याचे स्वातंत्र्य उरणार नव्हते.

तरीही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. आश्रमाचा लाभ प्रामुख्याने पांढरपेशा, विशेषतः ब्राह्मण घरांतील स्त्रियांना झाला. बहुजन समाजातील स्त्रीचे दुःख त्या काळी या कार्याच्या परिघाबाहेरच राहिले.

१९१५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती तत्पूर्वी त्यांच्या हाती पडली होती. १९१६ मध्ये मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ सुरू झाले आणि विधवेपुरते असलेले कार्य स्त्रीमात्रापर्यंत पोहोचले. स्त्रियांचा वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कनिष्ठ दर्जाचे शिक्षण, हा आक्षेप सुधारकांकडूनही आला. अण्णासाहेब डगमगले नाहीत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली.

येथे थांबले असते तरी कीर्तीत उणे पडले नसते. पण १९३६ मध्ये, वयाची ७८ वर्षे झालेली असताना, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ च्या आरंभी समता संघ स्थापन झाला. विधवा, मग स्त्री, मग खेडूत आणि अखेर माणूस, असे हे वर्तुळ विस्तारत गेले. त्यांचे पुत्र रघुनाथराव यांचा मार्ग निराळा होता. संततिनियमनाच्या मतांपायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि तडजोड न करता त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. पुत्राला एकाकीपण लाभले, तर पित्याला १९५८ मध्ये भारतरत्न.

म्हणून वडिलांना चतुर आणि पुत्राला निष्ठावान ठरविणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. मतांतराची कसोटी दोन प्रश्नांची असते. बदलाची किंमत कोणी मोजली, आणि बदलानंतर कोणासाठी दार उघडले? अण्णासाहेबांनी किंमत स्वतः मोजली, आणि १८९३ च्या निर्णयापासून ते कधीही मागे हटले नाहीत. समतेचा उच्चार मात्र त्यांच्याकडून फार उशिरा झाला. तो १८९६ मध्येच झाला असता, तर हिंगण्याची संस्था अधिक न्याय्य झाली असती, की उभीच राहिली नसती? या प्रश्नाचे उत्तर सुधारणेच्या प्रत्येक पिढीला स्वतःच्या काळापुरते नव्याने शोधावे लागते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णासाहेब गेले. त्यांचे पुतळे उभारणाऱ्यांनी त्यांच्या चुकलेल्या आणि सुधारलेल्या पावलांचाही हिशेब ठेवला, तर तोच त्यांचा खरा गौरव होईल.