बंदर आपले, जहाज परक्यांचे

बाभुळगावच्या शिवारातला कापूस एकेकाळी बंडीने धामणगावच्या स्टेशनावर जाई, तेथून रेल्वेने मुंबईच्या गोदीत आणि मग समुद्रापार. कापूस आपला, बंडी आपली, बंदरही आपल्याच भूमीवरचे. परंतु जहाज परक्यांचे आणि भाड्याचा दरही त्यांनीच ठरविलेला. शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भावातून ते भाडे आधीच वजा झालेले असे. हा हिशेब ज्या मोजक्या माणसांनी ओळखला, त्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

सोलापूरच्या एका व्यापारी जैन कुटुंबात 1882 साली त्यांचा जन्म झाला. वडिलोपार्जित पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. भांडवल एकाचे आणि अनुभव दुसऱ्याचा, असा तो योग होता. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी मोठी कामे त्यांच्या हातून झाली.

पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या महाराजांचे 'लॉयल्टी' हे जहाज विकाऊ असल्याचे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सहकार्याने 1919 साली सिंदिया कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी 5 एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून या नवख्या स्पर्धकाची कोंडी केली. 1923 साली सिंदियाला दहा वर्षांचा करार पत्करून किनारी वाहतुकीपुरतेच राहणे भाग पडले. 'लॉयल्टी' मोडीत निघाले. ही तडजोड अनेकांना मानहानीची वाटली. परंतु तिच्यामुळेच कंपनी जगली, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमचे बंदर आकार घेत होते. मध्य प्रांतातील मँगनीज समुद्रापर्यंत नेण्यासाठी रायपूर-विजयानगरम हा लोहमार्ग 1931 साली पूर्ण झाला. 1933 च्या ऑक्टोबरात नव्या बंदरात प्रथम शिरलेले जहाज सिंदियाचे 'जलदुर्गा' होते. पण वालचंदांचे तेवढ्याने समाधान होणार नव्हते. विकत घेतलेले जहाज म्हणजे निम्मेच स्वातंत्र्य. जहाज येथेच बांधले गेले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

आकाशातही तीच कथा होती. 1938 च्या सुमारास इंपीरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी इंग्लंडहून कराचीमार्गे येत आणि राजसमंद व ग्वाल्हेर येथील जलाशयांवर उतरून अलाहाबाद, कलकत्त्याकडे जात. जलाशय आपले, विमान परक्यांचे! टाटांनी 1932 पासून डाक-विमाने चालविली होती. विमाने बांधणारा कारखाना मात्र देशात नव्हता. 1939 साली अमेरिकेहून पूर्वेकडे येताना, पॅसिफिक ओलांडणाऱ्या अशाच एका फ्लाइंग बोटीत वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी गाठ पडली. बेटांवर मुक्काम करीत चालणाऱ्या त्या प्रवासात भारतीय विमान कारखान्याची कल्पना रुजली. 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, आणि 1941 च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला बसली.

युद्धाच्या निकडीत सरकारने 1942 साली विमान कारखाना ताब्यात घेतला. त्याच वर्षी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. तरीही 1948 च्या मार्चमध्ये तेथे बांधलेल्या 'जलउषा'चे पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. 1952 साली याही कारखान्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली. पुढच्याच वर्षी वालचंदांचे निधन झाले.

वालचंद संत नव्हते. नफा जाणणारे व्यापारी होते. ज्या सरकारशी ते झगडले, त्याच सरकारच्या कंत्राटांवर त्यांची उभारणी झाली होती. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी उभारलेले कारखाने त्यांच्या हातून गेले, तरी देशाच्या हाती राहिले, हे विसरून चालणार नाही.

'लॉयल्टी'च्या त्या प्रस्थानाची आठवण म्हणून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. मात्र आजही आपल्या परदेशी व्यापाराचा फार मोठा भाग परकीय जहाजांतूनच जातो. नुसते पिकविणाऱ्याला भाव ठरविता येत नाही. वाहून नेणाऱ्याचाही त्यात हात असतो. कापसाच्या मुलखाने तरी हा धडा विसरू नये.