श्यामची आई आणि पंढरीचं दार

मैत्रिणींनो, ‘श्यामची आई’ वाचताना डोळ्यांना पदर लावला नाही, अशी बाई आपल्याकडे सापडणं कठीण. त्यामुळे साने गुरुजी म्हटलं की हळवा, रडका माणूस डोळ्यांपुढे येतो. निरवांगी परिसरात बचत गटांचं काम करताना मीही हेच ऐकते. मला मात्र गुरुजी फार खंबीर वाटतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या काळात वैभव गेलं आणि कर्ज उरलं. त्या ओढगस्तीत आई यशोदाबाईंनी मुलांना वाढवलं. ही माउली नुसती मायाळू नव्हती हं! पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला तिने शिंपटीने मारत विहिरीवर धाडलं. शिक्षणासाठी मुलगा औंधला गेला, हाताने करून जेवला, पुढे पुण्यात शिकला. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा तो जवळ नव्हता. ही खंत त्यांना जन्मभर पुरली.

एम.ए. झाल्यावर १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणं, अंथरुणं घडी करणं, खोल्या झाडणं ही सगळी कामं ते स्वतः करत. ज्या कामांना घरात कोणी काम म्हणत नाही, तीच त्यांनी शिकवण्याचं साधन केली. मुलं आपोआप सुधारली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. गुरुजींनी लग्न केलं नाही, पण पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ वाचा. लेकीशी कसं बोलावं ते कळेल.

आता त्या पुस्तकातली एक गोष्ट आठवा. लाकडाची मोळी पडलेली म्हातारी महारीण वाटेत बसलेली असते. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळच्या ब्राह्मण बाईसाठी हेसुद्धा मोठं पाऊल होतं. मुलगा मात्र तिथे थांबला नाही. आंघोळीची अटच त्याला सलत राहिली असावी.

आपल्या इंदापूर तालुक्यातून दर आषाढीला तुकोबांची पालखी पंढरीला जाते. त्याच पंढरीत विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना प्रवेश नव्हता. त्यासाठी गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात आमरण उपोषणाला बसले. सनातनी मंडळींनी विरोध केला, पण ते ढळले नाहीत. दहा दिवसांनी देऊळ सर्वांसाठी खुलं करण्याचं ठरलं, मगच उपोषण सुटलं. हा काय रडका माणूस?

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. भारतातल्या सगळ्या भाषांच्या माणसांनी एकमेकांना ओळखावं, असं आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. पण स्वतंत्र देशात दिसलेला द्वेष त्यांना सोसवला नाही. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय फक्त पन्नास.

मैत्रिणींनो, देवळाचं दार उघडून पाऊणशे वर्षं होऊन गेली. आपल्या स्वयंपाकघराचं काय? हळदीकुंकवाला वस्तीवरच्या बायकांना आपण आवर्जून बोलावतो का? कामाला येणाऱ्या बाईचा कप अजून वेगळा ठेवतो का? या सुट्टीत मुलांना ती मोळीची गोष्ट जरूर वाचून दाखवा. आंघोळ कशासाठी, असं त्यांनी विचारलं तर विषय टाळू नका. आईने अर्ध्यावर ठेवलेलं काम गुरुजींनी पुढे नेलं. उरलेलं आपल्या घरातून पुढे जायला हवं.