लहान चणीचा सूत्रधार : डेव्ही ओब्रायन

संघाचा नायक कोणास करावें, हा वाद आमच्या पटांगणावर प्रतिवर्षीं होतो. कोणी म्हणतो, सर्वांत धिप्पाड असेल त्याला करा. कोणी म्हणतो, ज्याच्या संघानें गेल्या वर्षीं अधिक सामने जिंकले त्याला. हा वाद कानीं पडला म्हणजे आम्हांस अमेरिकेंतील एका खेळाडूचें चरित्र आठवतें. तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापितरांस थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ आहे. त्यांत लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवतात व हातानें फेंकतातही. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात. त्यांपैकीं ‘क्वार्टरबॅक’ हा चढाईचा सूत्रधार होय. चेंडू कोणास द्यावा, केव्हां फेंकावा, केव्हां जवळच ठेवावा, हें त्याला क्षणार्धांत ठरवावें लागतें. आणि तेंही प्रतिपक्षाचे दांडगे गडी अंगावर धांवून येत असतां!

डेव्ही ओब्रायन यांचा जन्म टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरीं २२ जून १९१७ रोजीं झाला. शाळेचें शिक्षण संपवून ते फोर्टवर्थ येथील टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठांत दाखल झाले. त्यांची उंची अवघी ५ फूट ७ इंच व वजन सुमारें १५० पौंड होतें. त्या वेळीं तेथें सॅमी बॉ नांवाचा उंचापुरा व अत्यंत निष्णात क्वार्टरबॅक गाजत होता. त्याच्यामागें ओब्रायन यांस वाट पाहावी लागली. १९३७ सालीं बॉ गेल्यावर तें स्थान त्यांजकडे आलें.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३८ च्या हंगामांत, त्यांनीं फेंकलेल्या १९ चेंडूंवर संघानें ‘टचडाऊन’ मिळविले. प्रतिपक्षानें मध्येंच झेलले ते अवघे ४. लोक पहिल्या आंकड्याची वाहवा करितात. आम्हांस मात्र दुसरा आंकडा अधिक मोलाचा वाटतो. संधि दिसतांच चेंडू भिरकावून देण्याचा मोह आवरणें, यांतच सूत्रधाराची पारख होते.

त्या हंगामाचा शेवटचा सामना २ जानेवारी १९३९ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें कार्नेगी टेक या संघाशीं झाला. टचडाऊननंतरची जादा गुणाची लाथ हुकली, आणि मध्यंतरास ओब्रायन यांचा संघ ६ विरुद्ध ७ असा मागें पडला. परंतु त्यांचें चित्त डळमळलें नाहीं. उत्तरार्धांत त्यांनीं एक लांबचा चेंडू अचूक फेंकून टचडाऊन मिळवून दिला. पुढें स्वतः लाथ मारून आणखी तीन गुण जोडले. सामना १५ विरुद्ध ७ असा जिंकला. अशा रीतीनें संघानें त्या हंगामांतील ११ ही सामने जिंकले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ मानलें जाणारें ‘हाइझमन’ पारितोषिकही १९३८ सालचें त्यांनाच मिळालें.

येथेंच चरित्र संपतें, तर विजय हीच कसोटी असें कोणीही म्हटलें असतें. पण पुढें ते फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघांत गेले. तेथें १९३९ व १९४० या दोन वर्षांत संघानें २२ सामन्यांपैकीं फक्त २ जिंकले! ओब्रायन यांचें कसब कां आटलें होतें? मुळींच नाहीं. पहिल्याच वर्षीं फेंकीनें सर्वाधिक अंतर तोडण्याचा मान त्यांनींच मिळविला. मात्र विद्यापीठांत त्यांच्यापुढें ऑल्ड्रिच व हेल यांच्यासारखे नामांकित गडी भिंतीप्रमाणें उभे असत. तशी भिंत येथें नव्हती. १ डिसेंबर १९४० रोजीं वॉशिंग्टनविरुद्ध आपल्या शेवटच्या सामन्यांत त्यांनीं ६० वेळां चेंडू फेंकला व तो ३३ वेळां आपल्या गड्यांच्या हातीं पोंचविला. तरीही संघ हरला. हरत असतांही हातपाय न गाळणें, हें जिंकण्याहून कठीण आहे.

त्यानंतर कीर्ति व पैसा देणारा खेळ सोडून त्यांनीं ‘एफ. बी. आय.’ या केंद्रीय तपास खात्यांत १० वर्षें नोकरी केली. पुढें ते तेलाच्या धंद्यांत शिरले. १८ नोव्हेंबर १९७७ रोजीं कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. देशांतील उत्कृष्ट महाविद्यालयीन क्वार्टरबॅकला १९८१ पासून त्यांच्या नांवाचें पारितोषिक देण्यांत येतें.

तेव्हां नायकाची पारख कशावरून करावी? उंचीवरून केली असती, तर ओब्रायन दारांतूनच परत जाते. केवळ विजयावरून केली, तर एकच मनुष्य १९३८ सालीं थोर व १९४० सालीं क्षुद्र ठरतो. आमच्या मतें, संकटांत स्थिर राहणारी विवेकबुद्धि हाच मुख्य गुण. बाहुबल, चपळाई हे तिचे सेवक होत. पुढील वर्षीं नायक निवडतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं उंच मुलाकडे एकदां पाहावें, आणि संघ हरत असतां कोण शांत राहतो इकडे दोनदां पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.